बांगडी वाढली

शिवाजीनगर कोर्टाच्या चार नंबर गेटसमोर
झेरॉक्सवाल्याच्या छपरीत माझं अर्धं टेबल.
उरलेलं अर्धं नोटरी सणसांचं: शिक्का, शाईचं पॅड
आणि कालच्या पेपरात गुंडाळलेली पोळीभाजी.
मराठी जबाब मी इंग्रजीत करून देते.
पानाला ऐंशी रुपये. घाईचे शंभर.

आज दापोडीच्या इंदुमती कुदळे यांचे कागद.
वर हायकोर्टात जायचेत, म्हणजे घाईचेच.

पहिल्याच पानावर: 'माझी बांगडी वाढली.'
आता हे कसं करायचं?
आपण नारळ वाढवतो, दुकान वाढवतो,
ताटात भात वाढतो, पोरं वाढतात,
फुटलेल्याला फुटलं म्हणायला जीभ धजत नाही आपली,
म्हणून तुकड्यांनाही वाढ म्हणतो.
शब्दशः केलं तर साहेबांना वाटेल
बाईच्या मनगटावर काच रुजून आली.
आणि 'फुटली' केलं, तर तिने जे पदराखाली ठेवलं
ते मी चारचौघांत काढून दाखवलं.
केलं. 'फुटली' असंच केलं.

पुढे: 'ते म्हणतात, हात लागला.'
चालताना दाराच्या कडीला लागतो, तसा?
की पडल्यावर आई विचारते, 'लागलं का गं?', तसा?
स्पर्श आणि जखम आपल्याकडे एकाच खोलीत राहतात,
भाडं कोण भरतं, कुणी विचारत नाही.
इंग्रजीत दोघांचे पत्ते वेगळे,
आणि मला पाकिटावर एकच लिहायचा असतो.

'परवा चौकीत गेले, तर परवा या म्हणाले.'
हे मात्र हसत हसत झालं.
नंतर हसल्याचं वाईट वाटलं.

शेवटचं पान. सगळी केस इथेच अडलीय.
'येते म्हणून मी घरातून निघाले.'
समोरचे वकील म्हणतात, बघा, येते म्हणाली आणि आली नाही,
म्हणजे घर तिनेच टाकलं.
आमचे म्हणतात, अहो, जाताना सगळेच म्हणतात,
स्मशानात जाणाराच तेवढा म्हणत नाही.
इंग्रजीत या शब्दाला दोन दारं:
एक आत उघडतं, एक बाहेर.
मराठीत नुसती चौकट.

ती पलीकडे, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
मेथीची जुडी निवडत बसलेली.
वेळ जात नाही म्हणून कोर्टात भाजी घेऊन येते.
मी जाऊन विचारलं,
ताई, येते म्हणजे? परत यायचं होतं, की निघालाच होतात?
तिने मान वर केली नाही.
काडी मोडली, पानं पिशवीत टाकली.
'तेव्हा ठरलं नव्हतं,' म्हणाली.
'ठरलं असतं, तर बोलले कशाला असते?'

परत येऊन बराच वेळ कोऱ्या ओळीकडे बघत बसले.
मग तो शब्द तसाच ठेवला, रोमन लिपीत,
परक्या गावात पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखा,
आणि खाली बारीक टीप:
जाणाऱ्याने म्हणायचा शब्द. अर्थ, ठरेपर्यंत, दोन्ही.

सणस चष्मा वर करून म्हणाले,
टीप चालत नाही हो कोर्टाला. खोडतील.
खोडू देत.
त्या एका ओळीचे पैसे मी लावले नाहीत.

सहाला आवरलं. सणसांनी शिक्का पुसला,
डबा पिशवीत टाकत विचारलं, निघालात?
रोजचा शब्द ओठापर्यंत आला,
आणि तिथेच थांबला, आत की बाहेर न कळून.

हो, म्हटलं.
नुसतं हो.