रूम नंबर तीन

हडर्सफील्डमध्ये दातांचा एक दवाखाना बंद झाला
तेव्हा हा काळा डेल मागच्या दारी, पावसात अर्धा भिजत उभा होता.
अंगावर पिवळी चिठ्ठी :
रूम नंबर तीन. बंद करू नये.
रिसेप्शनिस्ट म्हणाली, न्या, तसाही भंगारातच जाणार.
मी पंधरा पौंड ठेवले.
फुकटचं लाभत नाही, ही समजूत
विमानात बसतानाही खिशातून पडली नव्हती.

शाल्मलीला संगीत रचायचं आहे.
शाळेतल्या मॅकवर रचते, बुधवारी, चाळीस मिनिटं.
उरलेला आठवडा बोटांनी टेबल बडवते.
दुकानातला मॅक मी बघून आलो,
हात मागे बांधून, संग्रहालयात बघतात तसा.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
म्हटलं, मग दुसरं आणू.

बार्शीला आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, फौजदार होऊन.
खाकी सदरा, पुठ्ठ्याचा बिल्ला, पायात मात्र टायरच्या चपला.
दारात उभा राहून दरडवायचा :
सायकलला दिवा नाही, चला चौकीवर!
वडील चळाचळा कापायचे, अगदी बेतानं,
आणि चार आणे दंड भरायचे.
त्याच्यापेक्षा वडीलच चांगले नट होते,
हे मला फार उशिरा कळलं.

पेन ड्राइव्हवरच्या एका फाइलीत मी लिहिलं :
तू आयमॅक आहेस. जन्म दोन हजार तेराचा.
खाली एक सीरियल नंबर, कुणाचाच नसलेला.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
ज्या बाकड्यावर बसलो होतो तेही बसत नव्हतं,
एका पायाखाली गॅसच्या बिलाची घडी.

डेपोत मी बसचे ब्रेक बघतो.
तिथे बिघाडाला वास असतो, हाताला चटका असतो.
इथे पांढऱ्या ओळी धावत सुटायच्या
आणि एका जागी मटकन बसायच्या.
मग नुसता अंधार.
मग ते उष्टं सफरचंद, त्याखाली एक रेघ
आणि ‘दोन मिनिटं राहिली’.
दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंपी सांगतो ना, तसली दोन मिनिटं.
पाऊण तास.
मी कांदा चिरला, भात लावला, भात खाल्ला.

पहाटे दीडला पडद्यावर डोंगर उगवला.
रंग बरोबर, घड्याळ बरोबर, इंटरनेटही.
आवाज नाही.
आवाजासाठी एक आकडा द्यावा लागतो आणि तो कुणी सांगत नाही.
एक. रीस्टार्ट.
तीन. रीस्टार्ट. पाच.
सातला शाल्मली मोजे घालून खाली आली.
काही बोलली नाही. बाकड्याखालचं बिल ओढून काढलं
आणि त्याच्या पाठीवर आकडे खोडू लागली.
बाकडं डुगडुगलं.
अकरा. तेरा. सोळा, तेव्हा मीच म्हटलं, झोप आता.
ती म्हणाली, अठ्ठावीस बघ.
का अठ्ठावीस?
असंच.

स्पीकर खोकला.
तिनं शाळेतली फाइल उघडली. नुसता ताल होता, सूर अजून बसवायचे होते.
ओळखीचा निघाला.
जेवताना मी दोन वर्षं ज्याला ‘गप्प बस’ म्हणत होतो, तो.
मी उगाच मागे जाऊन पंख्यावरची धूळ पुसली.

एक खोड राहिली आहे.
झोपवला की उठत नाही.
तीन रात्री खटपट केली, मग सोडून दिलं.
अधूनमधून विचारतो, नवी आवृत्ती घेऊ का?
आम्ही दोघं एका सुरात : नको.

सकाळी साडेसहाला मृदुला केअर होममधून आली,
बारा तास दुसऱ्यांचे आईबाप उलथेपालथे करून.
वीज किती जळते म्हणत तिनं बटणाकडे हात नेला.
मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.
तिनं वाचली. कोट काढला. चहाचं पाणी ठेवलं.
मग स्वयंपाकघरातून विचारलं,
एक आणि दोन कुठे आहेत?