वाफ

मुख्य नळीचा सांधा फुटला तेव्हा इकलाख सारंगनं
पाठ फिरवली.
तेवढंच त्याच्या हातात होतं.
म्हणून तोंड वाचलं, छाती वाचली.
पाठ, दंड, मांड्यांची मागची बाजू,
शंभरातली बेचाळीस हिस्से कातडी
वाफेनं नेली.

जुबैलच्या या इस्पितळात आणलं त्याला संध्याकाळी.
त्या रात्री डॉक्टर हैथमनी घशातून दुर्बीण आत घातली.
श्वासनळी गुलाबी. फोड नाही, सूज नाही.
मी बुरोंडीला फोन लावून खैरुन्निसाला सांगितलं,
मराठीत, कारण वॉर्डात मराठी येणारी मी एकटी, मिरजेची:
वाफ आत गेलेली नाही, वहिनी.
खरंच सांगत होते.

चौथ्या पहाटे एक्स-रे उजेडावर धरला.
फुप्फुसात काळं म्हणजे हवा,
हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं होतं.
काळं नव्हतंच. दोन्हीकडे पांढरं,
उशीत कापूस कोंबावा तसं.
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत
रोजच्यासारखी, कुणालाही न विचारता जळत होती.

"पण तुम्ही तर म्हणालात, आत काही गेलं नाही."

म्हटलं होतं.
वहिनी, पाठ जळते आणि सगळं अंग हाकाटी करतं.
हाकाटी रक्तातून जाते, रक्त कुठं जात नाही?
धावून आलेले पाठीपाशी थांबत नाहीत,
धडधाकट घरांचीही दारं फोडतात.
बारीक शिरांच्या भिंती सैल पडतात.
पहिल्या दिवशी जीव वाचावा म्हणून
आम्ही चौदा लिटर सलाईन सोडलं.
त्यातलंच पाणी आता झिरपतंय
जिथं फक्त हवा असायला हवी तिथं.

ती बराच वेळ गप्प.
तिच्या मागं कुणीतरी भांडी आपटत होतं.
मग म्हणाली,
"म्हणजे सांधी सुटल्या.
सासरे होडीच्या फळ्यांत कापूस आणि राळ ठोकायचे.
म्हणायचे, होडी आपटते एका जागी,
पाणी येतं भलतीकडून."

तीन वर्षांच्या नर्सिंगमध्ये
हे इतकं सरळ कुणी शिकवलं नव्हतं.

त्याला पालथं घालायचं ठरलं.
आम्ही सहा जण. डोक्याशी शीजा, नळी तिच्या मुठीत,
ती निसटली तर पुढचं काही उरत नाही.
फवाझ मोजतो: वाहिद, इथ्नेन, थलाथा.
माझ्या मनात एक, दोन, तीन.
मेरिसेलच्या ओठांवर तिचं काहीतरी.
आणि एका श्वासात,
म्हणजे यंत्राच्या एका श्वासात,
तो फिरला.
सोललेली पाठ वर, छताकडे.
आकडा एक्क्याऐंशी.
एक्क्याऐंशी.
कुणी कुणाकडे बघत नाही.
चौऱ्याऐंशी.
अर्ध्या तासानं नव्वद, आणि शीजाला
आपली मान अवघडल्याचं कळलं.

रोज सोळा तास पालथा, आठ तास उताणा.
गाल सुजले, पापण्या बटाट्यासारख्या.
मी दाढी केली एकदा, हनुवटीवर कापलं,
आणि एवढ्याशा रक्तासाठी
त्याची माफी मागितली.

तिसऱ्या खाटेवर एक नेपाळी पोरगा होता.
याच्याहून कमी भाजलेला.
त्याची फुप्फुसं दुसऱ्या आठवड्यात गेली.
त्याच्या घरचा नंबर लागत नव्हता,
मी अजून कधीमधी लावून बघते.

तेविसाव्या दिवशी इकलाखची नळी काढली.
खोकला, पुन्हा खोकला, शिवीसारखं काहीतरी.
मी प्लास्टिकचा मास्क चढवला.
त्यानं श्वास सोडला
आणि नाकासमोर धुरकट पांढरं उमटलं,
विरलं, परत उमटलं.
त्याचे डोळे मोठे झाले.
पट्ट्या बांधलेला हात उचलून
मास्क ओढायला लागला, मान फिरवायला लागला,
पाठ करायला बघत होता, जिवाच्या आकांतानं.

मी हात धरला.
म्हटलं, घाबरू नका,
ही तुमचीच आहे.