चाळीस फूट

नाल आधी आले.
ओस्टबींच्या शेतावरच्या लिलावात
मोडक्या नांगरावर फुकट मिळालेले चार,
दोन लाल, दोन रंग उडालेले.
आई म्हणाली, नालासाठी घोडा ऐकलं होतं,
नालासाठी परस खणलेलं आजच बघतेय.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते उन्हाकडे बघत होते.
उत्तर-दक्षिण, ते म्हणाले,
म्हणजे संध्याकाळी कुणाच्याच डोळ्यांवर तिरीप नको.
डकोटात पन्नास वर्षं मका पेरलेल्या माणसाला
होकायंत्र लागत नाही.
पण ती रेघ नेमकी जात होती
आईच्या रुबार्बमधून.

दोन दिवस घरात फक्त रेडिओ बोलला.
तिसऱ्या दिवशी रेघ चार फूट पूर्वेला सरकली
आणि न्याहारीला
रुबार्बचा मुरंबा टेबलावर आला.

टेपचं एक टोक मी धरलं.
खुंटापासून खुंटापर्यंत चाळीस फूट.
सत्तरीपुढच्यांना तीस चालतात, मी म्हटलं,
नियमातच आहे.
त्यांचा खांदा डॉक्टरांनी दोनदा उघडलाय,
कोट घालताना अजून ते भिंतीकडे तोंड करतात.
चाळीस, ते म्हणाले,
आणि टेप अशी ताणली
की माझ्या बोटावर वळ उठला.

रेल्वेचे जुने स्लीपर कापून चौकटी केल्या.
एक इंची गज, तीन फूट लांब,
वर पंधरा इंच, बाकी सगळा जमिनीत,
आणि दोन्ही एकमेकांकडे जरासे झुकलेले.
(यात काही शोधू नकोस, ते मला म्हणाले,
सरळ ठेवला तर नाल आपटून उडतो.)

वाळू टाक, एमेट,
ड्वेन कुंपणावरून म्हणाला, स्वस्तात काम होईल.
वाळूत नाल घसरतो, बाबा म्हणाले,
पडला तिथेच त्याला कुणीतरी धरायला हवं.
मग ओढ्याच्या काठावरून निळसर चिकणमाती,
सात ढकलगाड्या,
मी ओढलेल्या, त्यांनी मोजलेल्या.
पायांनी तुडवून, पाणी शिंपडून,
पुन्हा तुडवून,
कानाच्या पाळीइतकी मऊ होईपर्यंत.
घाई नको, ते म्हणाले. पाणी मुरू दे.

पाणी मुरत होतंच कुठेतरी.
आई दोन दिवस खिडकीतून
एक अक्षर न बोलता बघत होती.

शुक्रवारी ते औषधं आणायला गेले तेव्हा
मी तीस फुटांवर दोन फळ्या अंथरल्या.
परतल्यावर म्हणाले, या कुणासाठी?
आईसाठी.
तिला कुठे येतं?

जेवणानंतर आई आली,
खांद्यावर भांडी पुसायचं फडकं तसंच.
लाल नाल उचलला, अंगठ्याने कड चाचपली,
जशी ती दुकानात खरबूज चाचपते.
एक पाऊल. हात मागे, हात पुढे.
नाल हवेत सावकाश एकदाच वळला
आणि खण्ण.

ड्वेनचा कुत्रा भुंकला.
बाबा खुंटापाशी गेले, वाकले,
उगीचच, कारण नाल गळ्यात माळ घातल्यासारखा
खुंटाभोवती लोंबत होता.
तीन गुण, ते म्हणाले. मग:
हे तुला कधीपासून?
शाळेपासून, आई म्हणाली.
तू विचारलं नाहीस. सेहेचाळीस वर्षं
तुम्ही पुरुष चर्चच्या मागे खेळायचात
आणि मी बटाट्याचं सॅलड करायचे.

कुणी काही बोललं नाही.
मग ती दहा फूट मागे गेली, बाबांच्या रेघेवर,
आणि दुसरा टाकला.
तो धप्प पडला, मातीत रुतला,
खुंटापासून वीतभर लांब.
नाही, ती म्हणाली, इथून नाही जमत आता.

बाबांनी दोन जुने नाल घेतले.
चाळीसच्या फळीवर एक पाय ठेवला.
काढला.
तीसवर येऊन उभे राहिले, तिच्या उजवीकडे,
जणू तिला वारा लागू नये म्हणून.
पहिला फेक आखूड पडला. दुसराही.
खांदा, मी म्हटलं.
खांदा नाही, ते म्हणाले, सवय.

अंधार पडल्यावर मातीवर
ओलं गोणपाट पसरायचं असतं,
नाहीतर सकाळपर्यंत तडे जातात.
एका बाजूचं मी पसरलं.
दुसऱ्या बाजूला दोघं वाकलेली,
गोणपाटाची चार टोकं, चार हात,
आणि आई सांगत होती
कोपरा कुठे खेचायचा ते.