चौदा

डिसेंबरात केमीला दुपारी दीडलाच दिवे लागतात.
कागद गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मोजणीचा अहवाल आला, एकवीस पानी.
नव्या मालकांना कळायला हवं होतं
विकत काय घेतलंय, किती ओळी.

रायलीच्या फाइलसमोर लिहिलं होतं
कोड: चौदा.
शेरे: चार हजार एकशे सहा.

हिशेबातला ऑस्मो, भला माणूस,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"बाईंचं कामापेक्षा बोलणंच फार."

रायली आणि बोलणं!
अकरा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर.
दोन बोटं वर केली की दोन साखरा.
निवृत्तीचा केक कापला, म्हणाली, "बरं,"
आणि सुरी धुऊन ठेवली.

रात्री फाइल उघडून हातानं मोजायला बसले.
चौदाव्याच ओळीवर सापडलं:
नोंदींच्या फोल्डरचा पत्ता, अवतरणचिन्हांत,
शेवटी एक तिरपी रेघ, तिला चिकटून चांदणी.
म्हणजे, इथल्या सगळ्या फाइली. एवढंच.
पण मोजणाऱ्याला अवतरण कळत नाही.
रेघ-चांदणी दिसली की तो धरून चालतो
शेरा सुरू झाला,
आता मिटेपर्यंत येईल ते सगळं बोलणं.
मिटला नाहीच. मिटणार कसा,
उघडलाच नव्हता कुणी.

रुळांचा वेग, वाफेचा दाब,
ओला कागद फाटण्याआधीचा तो अर्धा सेकंद
जो तिनं तीन हिवाळे शोधला,
सगळं त्या एका चांदणीखाली,
खिजगणतीतही नाही.
आणि खाली गिरणी चालू. कपातली कॉफी थरथरत होती.

खरा शेरा एकच निघाला, खूप आत:
"इथे हात लावू नका. थंडीत कळेल."
अख्ख्या अहवालात
तेवढा एक बरोबर मोजला गेला होता.

पहाटेपर्यंत मी तीनदा मोजलं.
तीन उत्तरं आली.
ऑस्मोच्या कागदावर शेवटी पेन्सिलीनं लिहिलं: अंदाजे.

सकाळी तिला फोन लावला. ती बर्फावर होती,
भोकात गळ सोडून बसलेली.
"चौदा?"
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाली, "आज मासे तीन."
"नीट मोजलेस?"
"थांब," ती म्हणाली,
"एक अजून हलतोय."