लागू नाही

ब्रेमेनहून फाईल आली आहे.
एकशे बारा रकाने, त्यातले सात पिवळे,
पिवळे म्हणजे भरलेच पाहिजेत.
अच्युतशेट म्हणाले, "काजू हवेत त्यांना
की आमची कुंडली?"

पणजीचा सल्लागार चहा नको म्हणाला.
फळ्यावर कारखाना काढला, चौकोनी,
एक बाण आत, एक बाण बाहेर:
जगामुळे तुमचं काय होतं,
तुमच्यामुळे जगाचं काय होतं.
"दोन्ही लिहायचं. कायदा त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही,
पण त्यांच्या अहवालात तुमची ओळ जाणार."
मी वहीत उतरवून घेतलं. घाईत
दोन्ही बाण आतच काढले.

वीज भरली. बिलं होतीच.
पाणी भरलं टँकरवाल्या इनासच्या वहीवरून,
तो खेपा मोजतो, लिटर नव्हे.
टरफलांची राख कुठे जाते?
माडांच्या मुळाशी, असं लिहिलं.
डिचोलीची नदी खिडकीतून दिसते.
अर्धं खरं आहे ते.

मग पिवळा रकाना: एकूण कामगार.
हजेरीचं यंत्र सांगतं चौदा.
मी, शेटचा पुतण्या, भट्टीवाले, पॅकिंगच्या मुली.
सोलणाऱ्या बायका यंत्रात नाहीत.
शिमग्याआधी एकदा प्रयत्न झाला होता.
सत्यवती गावडेने अंगठा ठेवला, दिवा लाल.
पदराला पुसून, लाल.
खोबरेल लावून, राखेने घासून, लाल.
मग दुसरी. तिसरी. अठ्ठाविसावी.
टरफलाच्या चिकाने बोटांवरच्या रेघा
कधीच खाऊन टाकल्या होत्या.
"हें आमकां वळखना गो," सत्यवती हसली,
आणि सगळ्या वजनकाट्याकडे गेल्या.
तिथे त्या किलोंत लिहिल्या जातात.

शेट म्हणतात, "त्या कामगार कुठे? त्या किलोवर आहेत."
सल्लागार फोनवर म्हणतो, लहान पुरवठादाराला
काही प्रश्न सोडायची मुभा आहे हल्ली,
'लागू नाही' निवडा, रकाना पांढरा होतो.

खरंच होतो. करून पाहिलं मी.

साडेपाच. बायका नळाखाली हात धुताहेत.
पाणी काळं जातं, हात काळेच राहतात.
मी रकाना पुन्हा पिवळा केला,
बेचाळीस लिहिलं.
शेऱ्याला दोनशे अक्षरांची जागा आहे.
'हजेरी अंगठ्याने होत नाही, कारण'
इथवर आले आहे.
बाहेर शेट गाडी काढताहेत.
पाठवायचं बटण
उद्या दुपारपर्यंत उघडं आहे.