वाटणी

चियातुरात रोपवेच्या गंजक्या खांबाखाली माझं दुकान.
नुगझारने कॉम्प्युटर आणला पोत्यात घालून,
बटाटे आणावेत तसा.
मागोमाग मुलगी, एतेरी.
दोघं बोलत होते, पण माझ्यामार्फत.

त्याला विंडोजच हवी. वजनकाट्याचा प्रोग्राम,
मँगनीजच्या ट्रकांच्या पावत्या
दुसऱ्या कशावर निघत नाहीत,
आणि तो लिहिणारा केव्हाच बातुमीला गेला.
तिला लिनक्स. का, ते तिने सांगितलं नाही.
"हिला सांग, नव्या मशीनला पैसे नाहीत."
"त्यांना सांगा, मागितलेत कुठे?"

मग मी डिस्कची वाटणी केली.
एक निळी पट्टी माउसने ओढत मधोमध आणली.
"थोडी माझ्याकडे," तो म्हणाला.
"घ्या," ती म्हणाली.
तेवढंच थेट बोलणं.
एक घर, दोन चुली,
उंबऱ्यावर काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत दोन नावं,
आणि दहा सेकंद.
कोणी काहीच निवडलं नाही, तर बापाचं दार उघडतं.

पंधरवड्याने तो आला, मुठीत पावत्या चुरगाळून.
दहाला भरलेला ट्रक, पावतीवर सहा.
ड्रायव्हर विचारतात, नुगझार, झोपेत वजन करतोस का?
रोज सकाळी घड्याळ लावतो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा चार तास मागे.

म्हटलं, आत घड्याळ एकच आहे.
तिची बाजू त्यात साऱ्या जगाची वेळ ठेवते,
आपले चार तास मनातल्या मनात मिळवते.
तुझी बाजू दिसेल तेच खरं धरते.

"म्हणजे रात्री ती बसलेली असते."
"हो."
"रोज?"
मी स्क्रू मोजत राहिलो.
"दुरुस्त करू? दोन मिनिटांचं काम आहे."
"राहू दे," म्हणाला. "कळतं तरी."

एतेरी एकटी आली, ओल्या बुटांनी.
"त्यांच्या फायली वाचता येतात. लिहिता येत नाही."
तो मशीन नीट बंद करत नाही, मी म्हटलं,
अर्धवट झोपवतो. आतून कडी राहते.
"पण तुला काय लिहायचंय तिथे?"
"जुलैपासून बेरीज चुकतेय त्यांची.
कंपनी कमी देते, आणि हे सही करतात."

संध्याकाळी मी नुगझारला फोन लावला,
पूर्ण बंद कसं करायचं ते सांगितलं.
बेरजेचं बोललो नाही.
"थांब," म्हणाला, "लिहून घेतो,"
आणि मला ऐकू येत राहिलं
पावतीच्या पाठीवर करकरणारं पेन.