तिसरी रांग

हनीफ मिस्त्रीने आधी काहीच उघडलं नाही.
इंजिन सुरू ठेवलं, बिडी विझवून कानामागे खोचली,
म्हणाला, पीछे बैठिए.
मी?
आप.

दिल्लीच्या कुठल्याशा हॉटेलनं काढून टाकलेली ही व्हॅन
सात वर्षं माझ्याकडे आहे,
आणि तिसऱ्या रांगेत मी आज पहिल्यांदा बसलो,
गुडघे हनुवटीला,
शेजारी कालच्या साठीशांतीचा झारा.

ट्रान्सपोर्ट नगरात धुकं असं
की पुढच्या ट्रकवर नुसतं 'हॉर्न' दिसत होतं,
'प्लीज' गायब.

पुढच्या जाळीतली ऊब
माझ्या रिकाम्या सीटवर पडून वाया जात होती.
मागची जाळीही फुंकत होती,
जोरात, इमानदारीत,
गारच गार.

फुंकतंय म्हणजे मोटर शाबूत, फ्यूज शाबूत.
हनीफनं पोतं अंथरलं, गाडीखाली आडवा झाला
आणि पाइपांना हात लावत मागे मागे सरकला.
तवा तापला का बघावं तशी
हाताची पालथी बाजू.

दोन्ही पाइप गरम, तर झडप अडकली.
एक गरम, एक गार, तर आत गाळ बसला.
दोन्ही गार, तर पाणी पोचतच नाही.
हे सगळं त्यानं खालूनच सांगितलं,
मी त्याचे बूट ऐकत उभा राहावं तसा.

इंजिनपाशी गरम.
पायरीखाली गरम.
मधल्या सीटखाली तो थांबला.
टॉर्च पेटला, विझला, पुन्हा पेटला.

पितळेची एक वाकवलेली नळी,
दोन क्लिपा.
गरम पाणी इथवर यायचं
आणि इथूनच पाठ फिरवून इंजिनाकडे जायचं.

कुणा गाढवानं केलं हे?
हनीफ बाहेर आला, हात पुसले, बराच वेळ पुसले.
क्लिप तो मेरी है, साहब.

त्याच्या वहीत सापडलं, चार हिवाळ्यांपूर्वीचं पान,
त्यावर तेलाचा अंगठा:
पोतनीस साहब. पीछे का हीटर लीक. बंद करने को बोले. दो सौ अस्सी.

बोललो होतो खरं.
कंपूच्या चढावर उभं राहून, घाईत, तोंडात गजक:
करून टाक बंद, मागे बसतंय कोण?

मागे बसतात गेंदाबाई, रामश्री,
आणि जिन्सी नाल्याच्या दिघेवहिनी.
पहाटे चारला, दीडशे पानांच्या गुळपोळ्या लाटायला.
परतताना तिघी मिळून
आमटीच्या मोठ्या पातेल्याला मिठी मारून बसतात.
मी आरशात बघायचो.
घरी सांगितलंही होतं बायकोला,
किती जपतात गं माझी भांडी.

नवे पाइप पडले. गाडीचं तोंड चढावर केलं,
झाकण उघडून आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
आत हवा अडकलेली असते, हनीफ म्हणाला,
ती आपली आपण निघते, ढकलून नाही.
एक बुडबुडा. मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम सात-आठ.

दुसऱ्या पहाटे, नया बाजाराच्या वळणावर
मागची जाळी पहिल्यांदा तापली.
चार वर्षांची धूळ जळाली.
का जर रओ है, गेंदाबाई ओरडली,
आणि तिनं काच खाली केली,
पूर्ण.

मी काही बोललो नाही.
बोलायचं होतं ते हिंदीत जमेना, मराठीतही.

दुपारी काम आटपून परत निघालो,
काच बंद होती, रामश्री घोरत होती,
शाल घडी करून मांडीवर.
आरशात दिघेवहिनींचा हात दिसला,
पातेल्यावर.

पातेलं घासलेलं होतं. गार, रिकामं.